ज्याचे पाऊल, त्याचे उद्दिष्ट



रक्तदाबाची गोळी एकदा पोटात गेली की तिचे काम ती करीत राहते. घेणाऱ्याचा तिच्यावर विश्वास असो वा नसो. समुपदेशनाचे तसे नाही. आठवड्याचे १६८ तास असतात आणि त्यांतला फार तर एक तास समुपदेशकासमोर जातो. उरलेल्या १६७ तासांत मनुष्य घरी काय करतो, कोणाशी बोलतो, स्वतःला काय सांगत राहतो, यावर उपचाराचे यश अवलंबून असते. म्हणून समुपदेशनात दोन प्रश्न फार मोलाचे ठरतात. आपल्याला नेमके कोठे पोहोचायचे आहे? आणि वाटेत पाय थकले, तर चालत राहण्याची उमेद कोठून आणायची?

ज्येष्ठांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न अधिक नाजूक होतात. समुपदेशकाकडे जाण्याचा निर्णय पुष्कळदा मुलगा, सून, लेक किंवा जोडीदार घेतो. वेळ ते ठरवतात, रिक्षा ते बोलावतात, शुल्क ते भरतात. आणि नकळत उद्दिष्टही तेच ठरवून टाकतात. पहिल्या दोन भेटी घरच्यांच्या शब्दाखातर पार पडतात. तिसऱ्या भेटीच्या दिवशी मात्र "आज गुडघा फार दुखतोय", "पुढच्या आठवड्यात बघू" असे सुरू होते. घरचे हताश होऊन म्हणतात, "यांची इच्छाच नाही." अनेकदा इच्छा असते, परंतु जे गाठायचे ठरले आहे, ते त्यांचे स्वतःचे नसते. आजच्या लेखात याच मुद्द्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

तक्रार, इच्छा आणि उद्दिष्ट

समुपदेशकासमोर बसल्यावर माणूस प्रथम तक्रार मांडतो. "रात्र रात्र झोप लागत नाही." "कशातच मन रमत नाही." थोडे बोलणे झाले की तक्रारीमागची इच्छा पुढे येते. "पूर्वीसारखे वाटावे." "कोणावर ओझे होऊ नये." तक्रार आणि इच्छा या दोन्ही गोष्टी खऱ्याच असतात. मात्र उद्या सकाळी उठून नेमके काय करावे, हे त्या सांगत नाहीत. ते सांगते उद्दिष्ट.

झोपेचेच उदाहरण घ्या. "मला चांगली झोप लागली पाहिजे" ही इच्छा झाली. झोप ही हुकूम देऊन येणारी वस्तू नाही. तिच्या मागे लागावे तितकी ती दूर पळते. याउलट, "येते दोन आठवडे, रात्र कशीही गेली तरी मी सकाळी सहालाच उठेन, आणि दुपारची झोप गजर लावून अर्ध्या तासात आटोपेन" हे उद्दिष्ट झाले. त्यात काय करायचे, केव्हा करायचे आणि किती दिवस करायचे, हे स्पष्ट आहे. मुख्य म्हणजे ते करणे माणसाच्या हाती आहे.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. "चिडणार नाही", "रडणार नाही", "काळजी करणार नाही" अशा नकारावर उभ्या असलेल्या संकल्पांना टिकाव कमी असतो. त्यात करण्याजोगे काहीच नसते, केवळ टाळण्याजोगे असते. "राग आला की मी गच्चीत जाऊन दहा मिनिटे थांबेन आणि मग बोलेन" असे म्हटले, तर रागाच्या क्षणी धरायला हाताशी काही तरी राहते.

उद्दिष्ट कोणाचे?

समजा, ७४ वर्षांच्या एका गृहस्थांच्या पत्नीचे सहा महिन्यांपूर्वी निधन झाले. ते दिवसभर आरामखुर्चीत बसून असतात, जेवण अर्धवट टाकून उठतात. मुलाला वाटते की बाबांनी ज्येष्ठ नागरिक संघात जावे, सकाळी हास्यक्लबात जावे, चार माणसांत मिसळावे. मुलाचा हेतू निखळ प्रेमाचा आहे. समुपदेशकाने मात्र गृहस्थांना एकट्याने विचारले, "येत्या महिनाभरात कोणती एक गोष्ट बदलली, तर दिवस थोडा सुसह्य होईल?" बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "मला साधा वरणभातही करता येत नाही. सून कामावर जाताना डबा झाकून ठेवते. दुपारी तो उघडताना स्वतःची लाज वाटते."

येथे उद्दिष्ट सापडले. आठवड्यातून दोन दिवस दुपारचा वरणभात स्वतः लावणे. पहिल्या आठवड्यात सून शेजारी उभी राहील, दुसऱ्या आठवड्यात फोनवर सांगेल, तिसऱ्या आठवड्यात ते एकटे करतील. हास्यक्लबाच्या तुलनेत हे फारच क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या लाजेने त्यांना खुर्चीत खिळवून ठेवले होते, तिच्यावर हा उपाय थेट काम करतो. तांदूळ आणायला खाली उतरावे लागते, वाण्याशी दोन शब्द बोलावे लागतात, आणि स्वतः केलेले अन्न सहसा टाकवत नाही. मुलाला हव्या असलेल्या गोष्टी कदाचित याच वाटेने येतील. पण वाट त्यांनी निवडलेली असेल.

म्हणूनच अनुभवी समुपदेशक कुटुंबीयांचे म्हणणे ऐकून घेतो आणि मग ज्येष्ठ व्यक्तीशी काही वेळ स्वतंत्रपणे बोलतो. असे झाले, तर काळजीवाहकांनी वाईट वाटून घेऊ नये आणि घरी आल्यावर "आत काय बोललात?" अशी चौकशीही करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. जिवाला धोका असेल, तेव्हाचे अपवाद त्यात आहेतच. कायदा बाजूला ठेवला, तरी आपले बोलणे चार भिंतींत राहील, एवढी खात्री पटल्यावाचून मन उघडे होत नाही, हे आपण सारेच जाणतो.

पाच पायऱ्यांची शिडी

उद्दिष्ट ठरले की ते गाठले वा फसले, अशा दोनच खणांत मोजण्याची आपल्याला सवय असते. ही सवय उमेद खच्ची करते. अमेरिकेत थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ साली मानसिक आरोग्यसेवांचे मूल्यमापन करण्यासाठी एक सुटसुटीत पद्धत मांडली. प्रत्येक उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या उपचार सुरू होतानाच लिहून ठेवायच्या. मधली पायरी शून्य, म्हणजे ठरल्या मुदतीत जेवढे साधेल अशी वाजवी अपेक्षा आहे तेवढे. तिच्या वर दोन आणि खाली दोन. पुढे वृद्धांच्या पुनर्वसनातही ही पद्धत वापरली गेली.

समजा, पडल्यानंतर हाड सांधले आहे, डॉक्टरांनी चालण्यास परवानगी दिली आहे, पण मनातील भीतीमुळे आजी घराबाहेर पडत नाहीत. सहा आठवड्यांसाठी त्यांची शिडी अशी असू शकेल. उणे दोन: दाराबाहेर पाऊल नाही. उणे एक: कोणाचा तरी हात धरून मजल्यावरच्या मोकळ्या जागेत फेरी. शून्य: सोबतीने जिना उतरून इमारतीच्या फाटकापर्यंत, आठवड्यातून तीनदा. अधिक एक: काठी घेऊन, सोबत चार पावले मागे ठेवून, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत. अधिक दोन: एकटीने देवळात जाऊन परत.

सहा आठवड्यांनी आजी मजल्यावरच फेऱ्या मारीत असतील, तर "जिना काही उतरली नाही" असे कोणी म्हणणार नाही. "उणे दोनवरून उणे एकवर आलो" असे म्हणता येईल, आणि ते खरेच आहे. शिडी कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला लावावी. दर्शनी भिंतीवर लावू नये. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आजींच्या भीतीवर चर्चा करावी, यासाठी ती नाही.

गोव्यातील एक अभ्यास

लहान, स्वतः निवडलेल्या पावलांनी खरोखर काही साधते का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या संदर्भात गोव्यातील एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. साठ वर्षे आणि त्यावरील वयाच्या, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या पण पुरते नैराश्य न जडलेल्या १८१ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. त्यांतील ९१ जणांना प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी मदत केली. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. अडचण नेमकी ओळखणे, तीवर सुचतील तेवढे उपाय मांडणे, त्यांतला एक निवडून करून पाहणे आणि मग काय झाले ते तपासणे, ही रीत त्यांनी शिकवली. झोपेच्या सवयी सुधारण्याचे आणि मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी घेण्याचे मार्गदर्शनही त्यात होते. उरलेल्या ९० जणांना नेहमीची आरोग्यसेवा मिळाली.

वर्षभरात पहिल्या गटातील ४ जणांना, म्हणजे ४.४ टक्क्यांना, मोठ्या नैराश्याने गाठले. दुसऱ्या गटात ही संख्या १३, म्हणजे १४.४ टक्के होती. अभ्यास लहान आहे आणि एका अभ्यासावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढू नये. तरीही त्यातून एवढे नक्की दिसते की उतारवयातही माणूस नवी रीत शिकतो, आणि "आता या वयात काय बदलणार" हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही.

एका देहात दोन मने

आता उमेदीचा प्रश्न. प्रेरणा ही बाहेरून ओतण्याची वस्तू आहे, अशी आपली समजूत असते. म्हणून आपण उपदेश करतो, शेजारच्या काकांचे उदाहरण देतो, प्रसंगी धाक घालतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मद्यपानाची समस्या असलेल्यांबरोबर काम करताना वेगळीच मांडणी केली. १९८३ साली त्यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह तीवर ग्रंथ लिहिला. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या नावाने ती पद्धत आज ओळखली जाते. तिचा गाभा असा: बदलाच्या उंबरठ्यावर माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत असतात. बदलावेसे वाटते आणि नकोसेही वाटते. आपण बदलाची बाजू जितकी जोराने मांडतो, तितकी दुसरी बाजू त्याच्या तोंडून बाहेर पडते. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडून वारंवार ऐकतो, त्यावर त्याचा विश्वास बसत जातो.

"बाबा, तुम्ही व्यायाम केलाच पाहिजे," असे म्हटले की उत्तर येते, "अरे, आता किती दिवस राहिलेत माझे?" म्हणजे आपणच त्यांच्याकडून निराशेची वकिली करवून घेतो. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारून पाहा. "बाबा, शून्य ते दहा या मापात, पुन्हा चालायला लागणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते?" समजा ते म्हणाले, "चार." आपल्या जिभेवर लगेच येते, "चारच का? दहा का नाही?" ते गिळावे. विचारावे, "चार का? एक का नाही?" आता त्यांना महत्त्वाची कारणे शोधावी लागतात. "निदान पेन्शनच्या कामाला बँकेत स्वतः जाता यावे. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडता यावे." ही त्यांची प्रेरणा आहे. आपण ती दिली नाही, तिला केवळ वाट करून दिली.

यानंतर थांबून त्यांचेच शब्द त्यांना परत द्यावेत. "म्हणजे बँकेचे काम कोणावर अवलंबून राहू नये, असे तुम्हाला वाटते." पुढचा उपदेश करू नये. ही शांतता काळजीवाहकांना सर्वांत अवघड जाते, कारण प्रेमाच्या माणसाची चूक दुरुस्त करण्याची घाई आपल्या हाडीमासी भिनलेली असते.

उत्साह ओसरतो तेव्हा

अनेकांचा उत्साह पहिल्या काही आठवड्यांनंतर ओसरतो. तसे झाले की माणसाच्या इच्छाशक्तीला दोष देण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, शरीर. थायरॉइडचे कार्य मंदावणे, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे परिणाम यांमुळेही मरगळ येते. ऐकू कमी येत असेल, तर समुपदेशकाचे अर्धे बोलणे निसटते आणि संकोचाने माणूस ते सांगत नाही. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. औषधे मात्र आपल्या मनाने थांबवू नयेत.

दुसरी गोष्ट, पायरीची उंची. सलग दोन आठवडे ठरलेले झाले नाही, तर पायरी उंच आहे, असे समजून ती निम्मी करावी. अर्धा तास चालणे जमत नसेल, तर चपला घालून दारात उभे राहणे हेही उद्दिष्ट होऊ शकते.

तिसरी गोष्ट, मनाची वाट पाहणे. "बरे वाटले की करीन" असे नैराश्यात प्रत्येकाला वाटते. पुष्कळदा क्रम उलटा असतो. आधी छोटी कृती होते आणि बरे वाटणे तिच्या मागून, कधी कधी बऱ्याच दिवसांनी, येते. हे समुपदेशकाने आधीच समजावून सांगितलेले असेल, तर पहिल्या आठवड्यात काही वाटले नाही म्हणून माणूस खचत नाही.

चौथी गोष्ट, वाईट दिवसाची तजवीज. "जर पाऊस असेल, तर मी व्हरांड्यात दहा फेऱ्या मारीन." "जर सकाळ चुकली, तर संध्याकाळच्या चहानंतर करीन." असे 'जर-तर' आधी ठरलेले असले की एक खाडा म्हणजे संकल्पाचा शेवट ठरत नाही.

पाचवी गोष्ट, समुपदेशक. चार-पाच भेटींनंतरही मोकळेपणा वाटत नसेल, तर तसे त्यांनाच सांगावे. चांगला समुपदेशक हे ऐकून घेतो, उद्दिष्टे पुन्हा मांडतो, आणि गरज वाटल्यास दुसऱ्याकडे पाठवतो. यात कृतघ्नपणा मुळीच नाही.

स्मृतिभ्रंश असेल, तर उद्दिष्टांचे स्वरूपच बदलते. पुढच्या महिन्याचा संकल्प लक्षात ठेवणे त्या व्यक्तीला शक्य नसते. तेथे उद्दिष्ट आजच्या दिवसाचे ठेवावे: अंघोळ चिडचिड न होता व्हावी, संध्याकाळ शांत जावी, ओळखीचे गाणे कानी पडावे. आणि प्रगती मोजायची ती विसरण्याच्या वेगाने नव्हे, तर त्या दिवशीच्या समाधानाने.

एक सूचना विशेष गांभीर्याने करावीशी वाटते. "आता जगून काय करायचे", "माझी सगळ्यांना अडचण आहे" असे उद्गार वयपरत्वे येणारे बोलणे म्हणून सोडून देऊ नयेत. "जीव द्यावा असे मनात येते का?" असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. 'टेलिमानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तातडीच्या संकटात ११२ हा क्रमांक आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 'एल्डरलाइन'चा क्रमांक १४५६७ हा आहे.

काळजीवाहकांनो, आपलेही एक उद्दिष्ट

दुसऱ्याची उमेद राखता राखता आपली ओंजळ रिकामी होते. रात्रीची जागरणे, नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि त्यात "तुम्हा लोकांना मी नकोच आहे" हे शब्द. अशा वेळी चिडचिड होते आणि मग अपराधीपणा छळतो. तेव्हा आपले स्वतःचेही एक उद्दिष्ट असावे आणि तेही लहान, ठरावीक, आपल्या हातचे असावे. आठवड्यातील एक संध्याकाळ भाऊ, बहीण किंवा शेजारी घरी बसतील आणि आपण बाहेर पडू, एवढेही पुरे. ती सवलत मागण्यात संकोच मानू नये. दिव्यात तेल घालणाऱ्या हातालाही विसावा लागतोच.

येत्या पंधरवड्यासाठी

एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहाव्यात. ज्येष्ठांनी स्वतःच्या हाताने लिहाव्यात. हात थरथरत असेल, तर त्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने शब्द न बदलता उतरवून घ्यावे. पहिली ओळ: या पंधरवड्यात मी कोणती एक गोष्ट करीन. दुसरी: ती मला का हवी आहे. तिसरी: कोणत्या दिवशी, किती वाजता. चौथी: अडचण आली, तर त्याऐवजी काय करीन. रोज रात्री केवळ एक खूण करावी. झाले असेल तर बरोबर, अर्धे झाले असेल तर अर्धवर्तुळ, नाही झाले तर टिंब. टिंबावरून कोणी काही बोलायचे नाही, एवढा एकच नियम घरातल्या सर्वांनी पाळावा.

चौदा दिवसांनी ती वही घेऊन समुपदेशकाकडे जावे. त्या पानावर टिंबेच अधिक असली, तरी ती उपयोगाचीच आहेत. पुढची पायरी किती उंच असावी, हे त्यांवरूनच ठरवता येते.